पस्तीस चोक दोनशे

एक नारळ पस्तीसला, तर चार कितीला? ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाने हा हिशेब गिऱ्हाइकासमोर तोंडी केला. तिनांचे एकशे पाच. त्यात आधी तीस मिळवले, मग उरलेले पाच, आणि एकशे चाळीस सांगून तो मोकळा झाला. नंतर त्यालाच कागदावर ३५ × ४ करायला दिले. पाच चोक वीस, हातचे दोन. ते दोन त्याने गुणण्याआधीच तीनमध्ये मिळवले, झाले पाच. पाच चोक पुन्हा वीस. उत्तर लिहिले २००.

हे गिऱ्हाईक म्हणजे संशोधकच होते. तेरेझिन्या कराहेर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ९ ते १५ वर्षांची जेमतेम पाच मुले होती. बाजारातले ९८ टक्के हिशेब त्यांनी बरोबर केले. नुसत्या आकड्यांची लेखी उदाहरणे मात्र ३७ टक्केच बरोबर आली. पाच मुलांवरून काय ठरवायचे, ही शंका रास्तच. पण अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांतल्या १,४०० हून अधिक मुलांची पाहणी केली, तेव्हा हीच दरी दिसली. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या अभ्यासाची दुसरी बाजू शिकवणीवाल्यांना जास्त झोंबावी: बाजारात काम न करणारी शाळकरी मुले कागदावर पुढे होती, पण बाजारातल्या व्यवहारात अडखळत होती.

आता त्या नारळवाल्याच्या नावापुढे ‘गणिती बुद्धिमत्ता’ उत्तम लिहायची की कमी?

मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या, पुढे निसर्गविषयक आठवी जोडली. एकाच बुद्ध्यांकाने मूल मोजण्याला तो दणका होता, आणि तो बसायलाच हवा होता. आपल्याकडे मात्र त्याचे शिक्के झाले: हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी. बुद्धिमत्ता वेगळी आणि शिकण्याची शैली वेगळी, असे खुद्द गार्डनर यांनी २०१३ मध्ये बजावले. त्याआधी, २००८ मध्ये, हॅरॉल्ड पॅशलर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन चाळले. शैलीनुसार शिकवल्याने मूल जास्त शिकते, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी ‘डीएमआयटी’ चाचणी तर यापलीकडची. तिला शास्त्रीय आधार नाही. तरीही पालक हजारो रुपये मोजून तिची रंगीत फाइल घेऊन येतात आणि काही क्लासवाले तिच्यावरून बॅचेस पाडतात. धंदा म्हणून ठीक असेल, शिकवणे म्हणून नाही.

शिक्क्याऐवजी चूक बघितली तर काय हाती लागते? बेरजेत हातचा आधी मिळवतात. त्या मुलाने तीच रीत गुणाकारात आणली. म्हणजे त्याला रीत येत होती, ती चुकीच्या जागी वापरली गेली. तोंडी हिशेबात तर त्याने पस्तीसची फोड तीस आणि पाच अशी अचूक केली होती. शिकवणाऱ्याने तीच फोड उभ्या मांडणीशेजारी लिहून घ्यावी: ३० × ४ = १२०, ५ × ४ = २०. मग वीसमधले दोन दशक कुठे गेले, हे त्यालाच शोधू द्यावे. पाढे पुन्हा घोटून घेण्यापेक्षा हे जास्त कामाचे.

चाळीसच्या बॅचमध्ये हे कोण करणार, असा प्रश्न येईलच. प्रत्येकासाठी वेगळा तास कोणी मागत नाही. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात राबवलेल्या बालसखी उपक्रमात वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या मुलांना वर्गातून वेगळे घेऊन रोज सुमारे दोन तास पाया शिकवत. मुलांचे गुण वाढले, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात दिसले. तिथे गट पाडले ते मुलांना काय येते आणि काय येत नाही यावरून. क्लासमध्येही आठवड्याला दोन उदाहरणे आधी तोंडी, मग लेखी घ्यावीत, दोन्हींत तफावत आलेली नावे बाजूला काढावीत आणि त्यांच्यासाठी शनिवारचा एक तास राखावा.