जंगलाचा भाव कधीच फुटला आहे

जैवविविधतेच्या अर्थकारणात करिअर करायचं म्हटलं की दोन्हीकडून टोले बसतात. घरचे विचारतात, यात पोट भरेल का? चळवळीतले विचारतात, झाडांना भाव लावताना लाज नाही वाटत?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. शेअर बाजारातल्या अव्वल हजार कंपन्यांना 'सेबी'ने २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. तो लिहिणारी माणसं लागतात, पोट भरतं. (त्यातले बरेच अहवाल म्हणजे नुसती रंगसफेदी, हा भाग वेगळा.) दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे.

निसर्ग अनमोल, रुपयांत मोजला की तो विकाऊ होतो, असं हे म्हणणं. ऐकायला उदात्त. पण जे अनमोल, ते सरकारी फायलीत फुकट धरलं जातं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी वारंवार सांगितलेलं उदाहरण घ्या. कर्नाटकात कागद गिरणीला बांबू मिळाला टनाला दीड रुपयाने. सुपं-टोपल्या विणणारा बुरूड तोच बांबू बाजारात हजारांच्या दराने घेत होता. कुणा अर्थतज्ज्ञाने जंगलाला भाव लावण्याची वाट कुणी पाहिली नव्हती. भाव फुटलेलाच होता, फक्त रुमालाखाली. तो रुमाल गाडगीळांनी उचलला, हिशेब मांडूनच. (वडील, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक; हिशेब घरचाच.)

आक्षेपकांचं एक मान्य. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वनजमीन इतर कामासाठी वळवताना भरायचे दर ठरवून दिले, हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये. धाक बसावा अशी ती रक्कम, प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातली एक ओळ होऊन बसली. पुढे २०१९ मध्ये असे पैसे साठणाऱ्या 'कॅम्पा' या भरपाई वनीकरण निधीतले ४७,४३६ कोटी राज्यांना मिळाले, वनीकरणासाठी. मोहफुलं वेचणाऱ्या बाईचं झाड गेलं, तिच्या नावाचा रकाना त्या हिशेबात नव्हता.

म्हणून हिशेबच नको? उलट, हिशेबनीस बदला. कोकण किनाऱ्यावर जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क सापडला तर तो सोडायलाच हवा, कायदा आहे. सोडायचा तर जाळं कापावं लागतं. वर्षानुवर्षं कायदा सरकारचा आणि भुर्दंड कोळ्याचा, असं चाललं. डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने आणि कांदळवन कक्षाने योजना आणली: सुटकेचा फोटो द्या, जाळ्याची भरपाई घ्या, २५ हजारांपर्यंत. इथे कासवाची किंमत कुणीच ठरवली नाही. जाळ्याची ठरवली. या पेशातलं कसब ते हेच, आणि ते शिकायला व्याजदरांइतकंच जाळ्याचं सूत कळावं लागतं. लंडनच्या पदवीने ते येत नाही, नुसत्या घोषणांनीही नाही.

हिशेब गावाच्याच हाती आला की काय होतं, तेही पाहा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू बाहेर काढायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं आणि गावाने आपला बांबू आपल्या भावाने विकला. तेव्हा निसर्ग विकाऊ झाल्याची ओरड कुण्या आक्षेपकाने केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.