नाही म्हणणारा वैद्य

वैद्याकडे जाणारा माणूस आपले दुखणे सांगण्यासाठी जातो, अशी आपली साधी समजूत आहे. रजेच्या अर्जाला जोडावयाचा दाखला हवा असेल, तर ते दुखणे किंचित वाढवूनही सांगितले जाते, हे शाळा-कचेऱ्यांत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. परंतु वैद्यकाची एक शाखा अशी आहे, की जिच्यात हा व्यवहार नेमका उलटा चालतो. तेथे वैद्यापुढे बसलेला माणूस निरोगी असतो. निदान तसा दिसण्याची त्याची शिकस्त चाललेली असते. त्याला दाखला हवा असतो तो तंदुरुस्तीचा, आणि वैद्याच्या तोंडून एक ‘नाही’ निघाला की त्याची वर्षानुवर्षांची तपश्चर्या मातीमोल होते. ही शाखा म्हणजे अंतराळवैद्यक. तिच्या उगमकाळी हा अप्रिय शब्द उच्चारण्याची जबाबदारी ज्यांनी पत्करली, त्यांत अमेरिकेच्या डॉ. चार्ल्स बेरी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

बेरी यांचा जन्म १९२३ चा. १९४७ मध्ये वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ कॅलिफोर्नियात सामान्य रुग्णांसाठी दवाखाना चालविला. १९५१ मध्ये ते हवाई दलात गेले आणि १९५६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी मिळविली. पुढे ‘नासा’च्या ह्यूस्टन येथील केंद्रात त्यांच्याकडे अंतराळवीरांच्या वैद्यकीय देखरेखीची सूत्रे आली. जेमिनी आणि अपोलो या दोन्ही उपक्रमांतील यात्रिकांचे वैद्य म्हणून ते जगाला परिचित झाले. १९७४ मध्ये त्यांनी ‘नासा’ सोडली. २०२० मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चंद्रावर चाललेल्यांची नावे शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. त्यांना जाऊ द्यावे की नाही, हे ठरविण्याचा भार ज्याच्या शिरावर होता, त्याचे नाव मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

हा भार किती अवघड होता, हे समजण्यासाठी त्या काळचे अज्ञान ध्यानी घेतले पाहिजे. वजनरहित अवस्थेत माणसाला घास गिळता येईल काय, त्याची दृष्टी शाबूत राहील काय, हृदय आपले काम करील काय, असे प्रश्न तेव्हा गंभीरपणे विचारले जात. एप्रिल १९६१ मध्ये युरी गागारिन १०८ मिनिटांत परतला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गेर्मान तितोव्ह एक दिवसाहून अधिक काळ अंतराळात राहिला, तेव्हा त्याला मळमळीने ग्रासले. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेनने पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या. त्याच्यापुढे डोळे तपासण्याचा एक छोटा तक्ता लावलेला होता. १९६३ मध्ये गॉर्डन कूपर ३४ तासांच्या प्रवासानंतर उतरला आणि उभा राहताच त्याला घेरी आली. म्हणजे भीती अगदीच निराधार नव्हती. पण किती खरी आणि किती खोटी, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते. तो ग्रंथ या वैद्यांनाच लिहावयाचा होता, आणि तोही जिवंत माणसांवरून. म्हणूनच १९६५ मध्ये जेमिनी मोहिमांचा काळ चार दिवस, मग आठ दिवस आणि शेवटी चौदा दिवस असा पायरीपायरीने वाढविण्यात आला. शरीरातील रक्ताचे प्रमाण घटते, हाडांतील चुना कमी होतो, पण माणूस चौदा दिवस तगतो आणि परतल्यावर सावरतो, हे सिद्ध झाले. चंद्राची वाट खुली झाली ती जेवढी अग्निबाणांमुळे, तेवढीच या पायऱ्यांमुळेही.

अंतराळवीरांना मात्र वैद्य हा आप्त वाटत नसे. ही सारी कसलेल्या वैमानिकांची जात. ‘आधी लगीन कोंढाण्याचे’ या बाण्याची. वैद्याच्या खोलीत शिरलेला वैमानिक एक तर आहे तसा बाहेर येतो किंवा उड्डाणाला मुकून बाहेर येतो, बढती मिळवून कोणी येत नाही, हे त्यांचे गणित होते. ते चुकीचे नव्हते. पहिल्या सात अंतराळवीरांपैकी डोनाल्ड स्लेटन यांच्या हृदयाच्या ठोक्यांत अधूनमधून अनियमितता आढळली, तेवढ्यावरून १९६२ मध्ये त्यांचे ठरलेले उड्डाण रद्द झाले. पुढे दहा वर्षे त्यांनी स्वतः जमिनीवर राहून इतरांना आकाशात धाडण्याचे काम केले. १९७२ मध्ये बंदी उठली आणि १९७५ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते अखेर अंतराळात गेले. वैद्याचा नकार हा कागदावरचा शेरा नसतो. एखाद्याच्या उमेदीच्या काळातील दहा वर्षे तो खाऊन टाकतो.

अपोलो मोहिमांत तर शत्रू अगदी क्षुल्लक दिसणारा होता: पडसे. ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो ७ च्या यात्रिकांना सर्दीने पछाडले आणि चिडलेल्या यात्रिकांचे नियंत्रण कक्षाशी खटके उडाले. डिसेंबरमध्ये चंद्राकडे निघालेल्या फ्रँक बोरमनला वाटेत वांत्या झाल्या. मार्च १९६९ मधील अपोलो ९ चे उड्डाण तिघांच्याही सर्दीपायी तीन दिवस लांबले. उड्डाणापूर्वी यात्रिकांचा लोकांशी संपर्क तोडला पाहिजे, असे बेरी यांचे म्हणणे होते. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर निघालेल्या तिघांसमवेत पूर्वसंध्येला भोजन करण्याची इच्छा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना झाली, तेव्हा रोगजंतू राष्ट्राध्यक्षांकडूनही येऊ शकतात, असे बेरी यांनी स्पष्ट सांगितले. ते भोजन रद्द झाले. या ‘अतिरेका’बद्दल सहकाऱ्यांचेच टोमणे त्यांना ऐकावे लागले. जंतूला हुद्दा कळत नाही, एवढीच साधी गोष्ट त्यांनी सांगितली होती. परंतु सत्तेपुढे साधी गोष्ट सांगणे हेच बहुधा सर्वांत कठीण असते.

त्यांच्या कारकिर्दीतील खरी कसोटी आली ती एप्रिल १९७० मध्ये. अपोलो १३ च्या राखीव तुकडीतील चार्ल्स ड्यूक यांना एका परिचिताच्या मुलाकडून जर्मन गोवराची लागण झाली, आणि त्यांचा मुख्य तुकडीशी नित्य संपर्क होता. रक्त तपासले गेले. जेम्स लव्हेल आणि फ्रेड हेस यांच्या अंगी या रोगाची प्रतिकारशक्ती होती. केन मॅटिंग्ली यांच्या अंगी ती नव्हती. रोग अंगात पोसून बाहेर पडण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. तो हिशेब मांडला, तर दोघे सहकारी चंद्रावर असताना, एकट्याने यान सांभाळण्याच्या आणि मग त्यांना परत जोडून घेण्याच्या ऐन घटकेलाच मॅटिंग्ली यांना ताप भरण्याचा संभव होता. मॅटिंग्ली धडधाकट होते. लव्हेल त्यांच्यासाठी भांडले. एकत्र सराव केलेला सहकारी शेवटच्या घटकेला बदलणे हाही धोकाच होता, आणि तो युक्तिवाद मुळीच पोकळ नव्हता. परंतु वैद्यांचा सल्ला ठाम राहिला. ‘नासा’चे प्रमुख थॉमस पेन यांनी तो मानला, आणि जॅक स्विगर्ट यांना दोन दिवस कसून सराव देऊन ११ एप्रिलला यान सुटले.

मॅटिंग्ली यांना गोवर झाला नाही. तो त्या वेळीही झाला नाही आणि नंतरही झाला नाही.

उलट दोन दिवसांनी, पृथ्वीपासून तीन लक्ष किलोमीटरांहून दूर, यानातील प्राणवायूची टाकी फुटली आणि चंद्राचा बेत सोडून तिघांचे प्राण वाचविण्याचा झगडा सुरू झाला. निजवलेले यान अपुऱ्या विजेवर पुन्हा कसे जागे करावयाचे, याची जुळणी करणाऱ्यांत जमिनीवर राहिलेले मॅटिंग्ली होते. आणि अंतराळात थंडीने कुडकुडत, पाणी तोलूनमापून पीत परतणाऱ्यांपैकी आजारी पडले ते हेस. त्यांना मूत्रमार्गाच्या विकाराने ताप आला, आणि त्याचा अंदाज कोणत्याही रक्ततपासणीतून आला नव्हता.

मग बेरी चुकले काय? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. आमच्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे. निर्णय आणि निकाल या दोन भिन्न गोष्टी आहेत. निर्णय घेणाऱ्यापाशी त्या घटकेला कोणती माहिती होती, तिचे वजन त्याने प्रामाणिकपणे केले की नाही, आणि चूक झालीच तर तिची किंमत कोणाला मोजावी लागणार होती, या तीन कसोट्यांवर निर्णय पारखावा लागतो. मॅटिंग्ली यांना जाऊ दिले असते आणि ताप आला नसता, तर तो दैवाचा कौल ठरला असता, शहाणपणाचा नव्हे. पूल पडला नाही म्हणून वाहनांना बंदी करणारा अभियंता मूर्ख ठरत नाही. सावध माणसाचे दुर्दैव हेच, की त्याचा सावधपणा यशस्वी झाला तर काहीच घडत नाही. आणि जे घडले नाही त्याचे श्रेय देण्याची रीत जगात नाही. मॅटिंग्ली यांच्या बाबतीत काळाने उदारपणा दाखविला. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ मधून ते चंद्राकडे गेले, आणि त्यांचे एक सहप्रवासी होते तेच चार्ल्स ड्यूक, ज्यांच्यामुळे त्यांची पहिली संधी हुकली होती. शिवाय अपोलो १४ पासून उड्डाणापूर्वी तीन आठवडे यात्रिकांना अलग ठेवण्याचा कडक नियम झाला. जे टोमण्यांचा विषय होते, ते शिस्तीचे कलम बनले.

तथापि वैद्याच्या अधिकाराचे समर्थन करताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७१ मध्ये अपोलो १५ मधून चंद्रावर जाऊन यानात परतलेल्या जेम्स आयर्विन यांच्या हृदयाच्या ठोक्यांत गंभीर अनियमितता जमिनीवरील यंत्रांना दिसली. हा माणूस पृथ्वीवर असता तर आपण त्याला अतिदक्षता कक्षात ठेवले असते, अशा आशयाचे उद्गार बेरी यांनी काढल्याचे त्यांचे वरिष्ठ क्रिस्टोफर क्राफ्ट यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. शुद्ध प्राणवायू, अखंड देखरेख आणि वजनरहित अवस्था यानात होतीच, सबब वेगळे काही करावयाचे नाही, असा विचार झाला; तो वैद्यकदृष्ट्या तर्कशुद्धही होता. परंतु ही गोष्ट त्या वेळी यात्रिकांना कळविण्यात आली नाही, आणि प्रमुख डेव्हिड स्कॉट यांनी पुढे त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. ती रास्त होती. आयर्विन यांना १९७३ मध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि १९९१ मध्ये त्याच विकाराने त्यांचा अंत झाला. ज्याचे हृदय आहे त्याला त्याची वार्ता सर्वांत शेवटी कळावी, हे कोणत्याही तर्काने पटणारे नाही. रुग्ण वैद्यापासून लपवतो, ही भीतीची गोष्ट झाली. वैद्य रुग्णापासून लपवू लागला, तर ती विश्वासघाताच्या सीमेवरची गोष्ट होते. नाही म्हणण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने सांगण्याचे कर्तव्यही पत्करले पाहिजे.

हा विषय आता आपल्यापासून दूर राहिलेला नाही. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ल आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले, त्यापूर्वी त्यांना सहकाऱ्यांसह अलग राहावे लागले. आणि उड्डाण पुनःपुन्हा लांबत गेल्याने तो काळ महिन्याच्या घरात पोहोचला. गगनयानाच्या प्रवाशांची निवड करताना त्यांची प्राथमिक पारख झाली ती बंगळूर येथील हवाई दलाच्या अंतराळवैद्यक संस्थेत. उद्या भारताच्या यानाची घटिका भरत आली असेल, सारे राष्ट्र डोळे लावून बसले असेल, पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या गेल्या असतील, आणि अशा वेळी एखादा वैद्य हातातला रक्ततपासणीचा कागद पाहून म्हणेल, “यांना पाठविता येणार नाही.” त्या क्षणी त्याच्या पाठीशी उभे राहणारा पेन यांच्यासारखा वरिष्ठ आपल्याकडे असेल काय? आणि मागाहून त्या यात्रिकाला काहीच झाले नाही, तर त्या वैद्याची टर न उडविण्याइतके भान आपण, वर्तमानपत्रे वाचणारे आणि लिहिणारे, राखू काय? अग्निबाण विकत घेता येतो, तंत्र शिकता येते. परंतु ‘नाही’ हा शब्द ऐकून घेण्याची सवय समाजाला स्वतःच लावून घ्यावी लागते.