पावणेएकतीस पौंडांचा घोडा

मागच्या आठवड्यात वडिलांच्या नावे एक पत्र आले. कार्डावर विम्याचे संरक्षण, पहिला महिना मोफत, पुढे वर्षाला ४९९ रुपये. शेवटची ओळ बारीक अक्षरात होती: दिलेल्या तारखेपर्यंत नकार न कळवल्यास आपली संमती आहे असे समजण्यात येईल. वडील ८२ वर्षांचे. त्यांनी पत्र वाचले, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीखाली सरकवले. त्यांच्या लेखी विषय तिथे संपला. नको असलेल्या गोष्टीला उत्तर कसले द्यायचे? पाठवणाऱ्याच्या लेखी मात्र विक्री तिथूनच सुरू झाली.

'समजण्यात येईल'. समजणार कोण? वाक्यात त्याचा पत्ता नाही. पण तसे समजणारा तोच, ज्याला माल विकायचा आहे.

हीच ओळ इंग्लंडमधल्या एका काकांनी २ जानेवारी १८६१ रोजी आपल्या पुतण्याला लिहिली होती. व्यवहार घोड्याचा होता. पॉल फेल्टहाउस यांची समजूत अशी की घोडा ३० पौंडांना ठरला. पुतण्या जॉन म्हणत होता ३० गिनी, म्हणजे साडेएकतीस पौंड. तफावत दीड पौंडाची. काकांनी ती निम्मी केली आणि कळवले, की तुझ्याकडून आणखी काही ऐकू आले नाही, तर ३० पौंड १५ शिलिंगांना घोडा माझा झाला असे मी धरतो. पावणेएकतीस पौंड. पुतण्याने उत्तर दिले नाही.

त्याला घोडा द्यायचा होता, हे विशेष. फेब्रुवारीत त्याच्या शेतावरच्या जनावरांचा लिलाव होता. बिंडली नावाच्या लिलावदाराला त्याने बजावले, की हा घोडा बाजूला ठेवा, तो विकला गेला आहे. लिलावदार विसरला. २५ फेब्रुवारीला घोडा ३३ पौंडांना गेला. काकांनी लिलावदारावर दावा लावला: माझा घोडा तुम्ही परस्पर विकलात.

काका हरले. १८६२ साली न्या. विल्स यांनी सांगितले, की घोडा काकांचा झालाच नव्हता. पुतण्याच्या मनात होकार होता, पण तो काकांपर्यंत पोहोचलाच नाही. लिलावदाराला सांगणे म्हणजे काकांना सांगणे नव्हे. आणि 'नकार लिहून कळव, नाहीतर सौदा झाला' ही अट पुतण्यावर लादण्याचा काकांना अधिकारच नव्हता.

या निकालावर कायद्याच्या अभ्यासकांनी पुष्कळ टीका केली आहे. घेणाऱ्याला घ्यायचा होता, देणाऱ्याला द्यायचा होता, देणाऱ्याने घोडा वेगळा काढायलाही सांगितले होते. मग आणखी काय हवे? टीकेत तथ्य आहे. या एका घोड्यापुरता न्याय कडक झाला, हे मीही मान्य करीन. पण घोडा ३३ पौंडांना गेला, हे विसरू नका. काकांच्या भावापेक्षा सव्वादोन पौंड जास्त. समजा, पुतण्याचे मन फिरले असते आणि ते सव्वादोन पौंड त्याला हवे असते. काकांचे पत्र फडताळात पडलेले, उत्तर दिलेले नाही. अशा वेळी काकांनी येऊन 'तू गप्प होतास, घोडा माझा' म्हटले असते, तर त्यांची बाजू घ्यायला कोण उभे राहिले असते? नियम त्या पुतण्यासाठी आहे. योगायोगाने तो त्याच्या काकांना भोवला.

कुणी म्हणेल, इंग्लिश कायदा इतका काटेकोर कुठे आहे? १८९२ च्या कार्बोलिक स्मोक बॉलच्या खटल्यात कंपनीची जाहिरात होती, की हा औषधी गोळा वापरूनही आजार झाला तर १०० पौंड देऊ. श्रीमती कार्लिल यांनी कंपनीला एका शब्दाने कळवले नव्हते, तरी त्यांना ते १०० पौंड मिळालेच. खरे आहे. पण त्या गप्प बसल्या नव्हत्या. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे त्यांनी तो गोळा दिवसातून तीनदा, आठवडेच्या आठवडे वापरला. कृती त्यांची होती. कंपनीने सोडून दिला तो एवढाच, मला आधी कळवलेच पाहिजे हा आग्रह. तो तिचा स्वतःचा होता, तिने सोडला. काका जे सोडत होते, ते मात्र त्यांचे नव्हतेच; तो पुतण्याचा होकार होता. पुढे सिलेक्टमूव्ह कंपनी आणि करखाते यांच्या वादात अपील न्यायालयाने एक शक्यता मोकळी ठेवली: ज्याच्यापुढे प्रस्ताव आहे तोच आपणहून म्हणाला, की अमुक दिवसापर्यंत मी बोललो नाही तर होकार समजा, तर त्याचे मौन त्याला बांधू शकेल. म्हणजे मौनाला अर्थ देता येतो, पण तो गप्प राहणाऱ्यानेच द्यायचा.

आपल्याला हे पचायला जड जाते. मौन म्हणजे संमती, हे आपण लहानपणापासून ऐकतो. स्थळ बघायला आलेल्यांसमोर मुलगी खाली मान घालून बसली, की घरातली मोठी माणसे 'हो' धरून मोकळी होतात. सोसायटीच्या सभेत 'कुणाची हरकत?' विचारून अध्यक्ष दोन सेकंदांत 'मंजूर' म्हणतात. विकणाऱ्यांनी ही सवय अचूक हेरली आहे. खुद्द इंग्लंडमध्येही त्यांनी प्रयत्न केले. न मागवलेला माल घरी पाठवायचा आणि परत आला नाही की बिल धाडायचे, असा धंदा तिथे चालायचा. १९७१ साली संसदेने कायदा केला, की असा माल ठरलेल्या मुदतीनंतर ज्याच्या घरी पडला त्याचा. २०१३ च्या नियमांनी वेबसाइटवर आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीचे जादा पैसे घ्यायलाही मनाई केली. गप्प बसलेल्यावर सौदा लादता येत नाही, हे १८६२ च्या निकालाने आधीच सांगितले होते, पण घराघरांत बिल येऊ लागल्यावर संसदेला ते पुन्हा सांगावे लागले.

आपला १८७२ चा करार कायदा त्याच मुशीतला. त्याचे कलम ७ म्हणते, स्वीकृती बिनशर्त हवी आणि ती रीतसर व्यक्त झालेली हवी. चष्म्याच्या डबीखाली घडी घालून ठेवलेल्या कागदातून काय व्यक्त होते? नकार कळवा म्हणायला सोपे आहे. ८२ वर्षांच्या माणसाने फोन लावायचा, चार आकडे दाबायचे, दहा मिनिटे संगीत ऐकायचे आणि न मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायचे. हे काम त्याच्यावर कुणी टाकले? तो नोकर आहे का त्यांचा?

पुतण्या जॉनने शेवटी काकांना पत्र लिहिले. २७ फेब्रुवारीला, लिलाव होऊन दोन दिवस झाल्यावर. तोवर उशीर झाला होता.

वडिलांच्या पत्राची मुदत या शनिवारी संपते. त्यांनी कागदाला पुन्हा हात लावलेला नाही आणि मीही त्यांना लावायला सांगणार नाही. पुढच्या महिन्याच्या हिशेबात ४९९ रुपये कापलेले दिसले, तर मात्र मी पत्र लिहीन. त्यात एकच मागणी असेल: त्यांची स्वीकृती दाखवा.