औषधाची मात्रा कोणी ठरवायची?

कोपरहून सुटणारी धिमी लोकल परळला थांबते. अपंग व कर्करुग्णांसाठी राखलेल्या डब्यात मांडीवर फाईल घेऊन बसलेली माणसे सकाळी हमखास दिसतात. त्यांतील कित्येकांना टाटा रुग्णालय गाठायचे असते. ज्यांचा अन्ननलिकेचा वा जठराचा कर्करोग पसरलेला आहे, त्यांना विज्ञानाने काय दिले आणि बाजाराने त्यातले किती हाती लागू दिले, याचा विचार समाजवाद्यांनी केला पाहिजे.

शरीराच्या प्रतिकारशक्तीला लागलेला लगाम सोडवून तिलाच कर्करोगाशी लढवता येते, या शोधाला २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०२१ मध्ये 'चेकमेट ६४९' या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जठराच्या व अन्ननलिकेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात केमोथेरपीला निव्होलुमॅबची जोड दिली असता, ज्या गटात गुण येण्याची शक्यता अधिक त्यात मध्यक आयुष्य ११.१ महिन्यांवरून १४.४ महिन्यांवर गेले. लाभ खरा आहे. पण त्यासाठी दर तीन आठवड्यांना ३६० मिलिग्रॅम वा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम औषध लागते, आणि ते सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचे आहे.

या चाचणीचा खर्च औषध विकणाऱ्या कंपन्यांनी केला होता. त्यात गुन्हा काही नाही. परंतु कमी औषधाने भागते काय, हा प्रश्न विक्रेता स्वतःच्या खर्चाने कशाला विचारील? बाजार गरज मोजत नाही, क्रयशक्ती मोजतो.

तो प्रश्न विचारला परळच्या सार्वजनिक संस्थेने. डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर टाटा रुग्णालयाने चाचणी घेतली. तोंडाने घ्यायच्या औषधांना दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिली. म्हणजे ३६० चा अठरावा हिस्सा! वर्षभराने जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

यावर रास्त आक्षेप असा, की येथे अल्पमात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी झालेली नाही, आणि मुखाच्या कर्करोगाचा निष्कर्ष जठराला आपोआप लागू होत नाही. आक्षेप मान्य आहे. म्हणूनच तर चाचणी हवी! गरिबाला स्वस्त म्हणून अपुरे औषध देणे हा समाजवाद नव्हे. श्रीमंताला तरी अठरापट औषध खरोखर लागते काय, हे पुराव्याने ठरवणे हा आहे.

टाटा रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या कक्षेत आहे, आणि २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग जाळेही उभे आहे. म्हणजे यंत्रणा आहे, रुग्ण दुर्दैवाने पुष्कळ आहेत. हवा आहे तो निधी आणि राजकीय आग्रह. जठर व अन्ननलिकेच्या कर्करोगात केमोथेरपीसह अल्पमात्रेची चाचणी सरकारी खर्चाने व्हावी, आणि ती यशस्वी ठरल्यास औषध सरकारी रुग्णालयांत मोफत मिळावे, अशी मागणी पक्षाने संसदेत व विधिमंडळात मांडली पाहिजे. रेशनचा आणि रोजगाराचा प्रश्न आपण आपला मानला. औषधाच्या मात्रेचा प्रश्नही आपलाच आहे.