शिरा दिसतात, घाबरायचे केव्हा?

जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात हातावरच्या शिरा फुगतात. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्या रुंदावतात. दादींची कातडी पातळ झालेली, म्हणून त्यांच्या हातावर जास्त दिसतात. शीर निळी भासली तरी आतले रक्त लालच असते. यात आजार नाही.

आम्ही शिक्षक फळ्यापुढे, आमचे विणकर भाऊ यंत्रमागापुढे दिवसभर उभे. पायांतले रक्त वर चढायला जड जाते, शिरा वेड्यावाकड्या फुगतात. घोट्याजवळ कातडी काळवंडली, जखम भरेना, तर डॉक्टरांना दाखवावे.

पण एकच पाय अचानक सुजला, गरम होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत रक्ताची गुठळी असू शकते. अम्मींनी तेल लावून चोळू नये; गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. दम लागला, छातीत दुखले, तर लगेच 108 ला फोन करा.