बंदीची पळवाट

मुले हिंसा शिकतात, आणि ती त्यांना मोठी माणसे शिकवतात. मानसशास्त्राने हे साठ वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. तरी शाळेच्या आवारात चाकू निघाला की दोष मोबाइलचा आणि उपाय बंदीचा, हा क्रम काही मोडत नाही. वडोदऱ्यात 2018 मध्ये आणि अहमदाबादेत 2025 मध्ये शाळकरी मुलांनी शाळकरी मुलांचे जीव घेतले. मधल्या काळात एका खेळावर बंदी येऊन गेली. आता ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची दारे बंद केल्यावर आपल्याकडेही त्याच बंदीचा घोषा सुरू झाला आहे. तो करणाऱ्यांनी आधी एवढे तरी समजून घ्यावे की मूल हिंसा शिकते कशी.

याचे पहिले पद्धतशीर उत्तर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी दिले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील 72 मुलांवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. मुले तीन ते सहा वर्षांची होती. त्यांतल्या एका गटासमोर एका प्रौढ व्यक्तीने हवा भरलेल्या ‘बोबो’ बाहुलीला ठोसे मारले, हातोडीने बडवले. दुसऱ्या गटासमोरची व्यक्ती शांतपणे खेळत राहिली. तिसऱ्या गटाने यांपैकी काहीच पाहिले नाही. नंतर बाहुली हाती आल्यावर मारहाण पाहिलेल्या मुलांनी ती हुबेहूब केली, तोंडचे शब्दसुद्धा तेच काढले. 1963 च्या प्रयोगात जिवंत माणसाऐवजी चित्रफीत आणि कार्टूनसारखे पात्र दाखवले, तरी निष्कर्ष तोच आला.

खरा धडा 1965 च्या प्रयोगात आहे आणि नेमका तोच सोयीस्करपणे विसरला जातो. या वेळी चित्रफितीचा शेवट तीन प्रकारे केला होता. एकात मारणाऱ्याला बक्षीस मिळाले, दुसऱ्यात शिक्षा झाली, तिसऱ्यात काहीच घडले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी मारहाणीची नक्कल कमी केली. मात्र ‘पाहिलेले करून दाखवा, खाऊ मिळेल’ असे म्हणताच तिन्ही गटांतल्या मुलांनी सारखेच करून दाखवले. शिकली सगळीच होती. शिकलेले वापरायचे की नाही, हे मात्र त्याचे फळ काय मिळते यावर ठरत होते. मूल आधी लक्ष देते, मग लक्षात ठेवते, मग ते करण्याची ताकद आणि सफाई कमावते; शेवटची पायरी प्रेरणेची. 1977 च्या ‘सोशल लर्निंग थिअरी’ या पुस्तकात बांडुरांनी मांडलेल्या सामाजिक अध्ययनाच्या सिद्धांताचा हा गाभा आहे. म्हणून प्रश्न पडद्यावर किती रक्त सांडले हा नाही. रक्त सांडणाऱ्याला टाळ्या मिळाल्या की तुरुंग, हा आहे.

आपल्या पडद्यावर टाळ्याच मिळतात. नायक गुंडाहून अधिक क्रूर झाला की चित्रपट चालतो. 2023 मधील ‘अ‍ॅनिमल’ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र घेऊन आला आणि त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत जाऊन बसला. चित्रपटगृहाच्या दारावरचे ते प्रमाणपत्र मोबाइलमधल्या तुकड्यांना लागू पडत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्या आणल्या. पायऱ्या कागदावर चोख आहेत, पण तिसरीतल्या मुलाच्या हाती मोठ्या भावाचा फोन असतो आणि त्याचे वय विचारायला तिथे कुणीही उभे नसते.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. बोबो बाहुली मारण्यासाठीच असते, प्रयोगशाळेतील काही मिनिटांवरून आयुष्याचा अंदाज बांधता येत नाही, हे आक्षेप जुने आहेत. ब्रिटनमधील 14-15 वर्षांच्या सुमारे हजार मुलांच्या 2019 च्या अभ्यासात हिंसक खेळ आणि आक्रमक वर्तन यांचा संबंध आढळला नाही. प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर हिंसक खेळांवर फोडायला पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकी मानसशास्त्र संघटनेनेही 2020 मध्ये स्पष्ट केले. उलट, शिकागो परिसरातील मुलांच्या 1977 पासून पंधरा वर्षे चाललेल्या अभ्यासात लहानपणी पाहिलेली हिंसा आणि तरुणपणीची आक्रमकता यांचा धागा दिसला. पडद्यावरच्या हिंसक पात्रात स्वतःला पाहणाऱ्या मुलांत तो अधिक घट्ट होता. एकट्या पडद्याने खुनी घडत नाही, एवढे यातून निश्चित होते. मग बाकीचे काम कोण करते, हे बंदीवाल्यांनी सांगावे.

वडोदऱ्याची घटना इथे तपासून पाहण्यासारखी आहे. 22 जून 2018 रोजी शाळेच्या स्वच्छतागृहात नववीतल्या मुलाचा मृतदेह सापडला आणि दहावीतल्या मुलाला ताब्यात घेतले गेले. शिक्षक रागावल्याचा सूड शाळेची बदनामी करून उगवायचा होता, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. वर्षभरही झाले नव्हते, गुरुग्रामच्या शाळेत असाच खून झाला होता. परीक्षा पुढे ढकलण्यासाठी तो झाल्याचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा आरोप होता. वाहिन्यांनी त्याचे तपशील महिनोन्महिने घोळवले. एका घटनेतून दुसरी उपजली, असे म्हणायला पुरावा नाही. पण शाळेत खून केला की शाळा हादरते, ही माहिती त्या वाहिन्यांनी घराघरांत पोहोचवली होती. हिंसेचे प्रदर्शन म्हटले की चित्रपट आणि खेळ तेवढे आठवतात, बातम्या कुणालाच आठवत नाहीत.

या साऱ्यावर गुजरातने काढलेला उपाय म्हणजे पबजी या मोबाइलवरच्या हिंसक खेळावर बंदी. जानेवारी 2019 मध्ये प्राथमिक शाळांसाठी परिपत्रक निघाले. मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी खेळावर मनाई हुकूम काढला, पाठोपाठ इतर शहरांतही तो निघाला आणि खेळताना सापडलेल्या महाविद्यालयीन तरुणांना अटक झाली. मूल शिकते कसे हा प्रश्न शिक्षणखात्याचा. तो पोलीस चौकीत सोडवायला घेतला. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्राने हा खेळ देशभर बंद केला, तेही माहितीच्या सुरक्षेचे कारण देऊन. मुलांच्या मनाची काळजी तिथे नव्हतीच. पुढच्याच वर्षी तो नवे नाव घेऊन परतला. या सगळ्या खटाटोपातून एकही मूल कमी आक्रमक झाल्याचे कुणी दाखवलेले नाही.

मुलाचे पहिले प्रतिमान, म्हणजे ज्याचे पाहून ते शिकते तो नमुना, पडद्यावर नसते; ते घरात, वर्गात आणि रस्त्यावर असते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अहवालानुसार पाहणीतील दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसला होता. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने 2009 मध्ये शाळेतल्या छडीला बंदी घातली, तरी ‘मारल्याशिवाय पोर सुधारत नाही’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. ‘मारून सुधारायचे’ हा धडा मूल बापाच्या हातून घेते, मास्तरांच्या हातून पक्का करते आणि वर्गमित्रावर वापरते. अहमदाबादेत खोखरा भागातल्या 2025 च्या त्या खुनानंतर संतप्त जमावाने शाळेची मोडतोड केली, कर्मचाऱ्यांना मारहाण केली. एका मुलाच्या हिंसेचा निषेध मोठ्यांनी हिंसेनेच केला आणि तो साऱ्या शहरातल्या मुलांनी मोबाइलवर पाहिला. बांडुरांच्या प्रयोगशाळेतही प्रतिमान इतके ठसठशीत नव्हते. नेत्यांच्या तोंडी ‘धडा शिकवू’ आणि गाडी घासली म्हणून रस्त्यावर उगारलेला हात, यांचाही हिशेब याच वहीत लिहावा लागेल.

बडोदे म्हणजेच वडोदरा शहराला हे सांगावे लागणे विशेष लाजिरवाणे आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड केला. मुलाच्या घडणीची जबाबदारी मोठ्यांची, हे त्या राजाने कायद्यात लिहिले. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात मानवी विकासाचा नावाजलेला विभाग आहे, बालवाडी आहे. त्यांचे ज्ञान भिंतीपलीकडच्या शाळांपर्यंत किती पोहोचते? शहरातल्या किती शाळांत पूर्णवेळ समुपदेशक आहे? हे प्रश्न विचारले जात नाहीत, कारण त्यांना पैसा लागतो आणि बंदीला लागत नाही.

करण्यासारखे काय आहे, हे सिद्धांतच सांगतो. प्रत्येक माध्यमिक शाळेत समुपदेशक नेमावा आणि छडीबंदी कागदावरून वर्गात आणावी. मुलांसोबत बसून पाहावे आणि मारणाऱ्याचे पुढे काय होते, यावर घरात बोलावे. बाल न्याय कायद्याच्या चौहत्तराव्या कलमाने मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे, ती वाहिन्यांवर काटेकोर बजावावी आणि गुन्ह्याची रंगीत पुनर्रचना थांबवावी. यातले काहीही मुलांवर लादायचे नाही, सगळे मोठ्यांनीच करायचे आहे. म्हणून तर ते टाळून बंदीची मागणी होते. मुलांच्या हातून मोबाइल काढून घेणे सोपे आहे. त्याआधी मोठ्यांनी आपला हात खाली घ्यावा.