साथीदारांचा अंक

गायकाचं नाव आपल्याला तोंडपाठ असतं. त्याच्या साथीला कोण होतं, असं विचारलं की गाडी अडते. म्हणून हा अंक आम्ही साथीदारांना दिला आहे. रत्नागिरीकरांसाठी सुरुवात अर्थातच गोविंदराव पटवर्धनांपासून. गुहागर तालुक्यातल्या अडूरच्या या माणसाने हार्मोनिअम आणि ऑर्गन या दोन्हींवर हुकमत गाजवली. नाट्यपदात ऑर्गनवादकाचे दोन्ही पाय भात्याच्या पायट्यांवर चालू आणि कान नटाच्या गळ्याकडे; नटाने ऐनवेळी जागा बदलली की बोटं तिथे हजर हवीत. पुढे धावायचं नाही, मागेही रेंगाळायचं नाही. वाचायला सोपं वाटतं!

मुंबईच्या स्टुडिओंतले बास गिटारवादकही याच जातकुळीचे. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ घ्या, किंवा चरणजित सिंग. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवणाऱ्या सिंगांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. मोबाइलच्या स्पीकरवर बासचा खर्ज जवळजवळ हरवतो. जुनी गाणी एकदा हेडफोन लावून ऐकाच.

हल्ली पेनड्राइव्हवरचा ट्रॅक लावून अख्खा कार्यक्रम उरकता येतो. पण आधीचे वादक अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांना बोलतं करावं, असं आम्हाला वाटलं. तुमच्या वाडीतला भजनाचा पेटीवाला, नमनातला मृदंगवादक, गणपतीतल्या ऑर्केस्ट्राचा बासवाला यांच्याबद्दल आम्हाला जरूर लिहा. फोटो पाठवलात, तर मागे सगळ्यांची नावं लिहा, कोपऱ्यात बसलेल्याचंही.